फुलांच्या रंगाचा रकाना

आमच्या फ्रीजरमधून मटार काढायचे असतील तर आधी दोन-चार वनस्पती बाजूला साराव्या लागतात. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड चिकटपट्टीने बंद केलेली, वर्तमानपत्राच्या घडीत झोपवलेली सपाट झाडं. आठवडाभर त्या थंडीत राहिली की त्यांच्यातले किडे आणि अंडी मरतात. हा फ्रीज घ्यायला गेलो तेव्हा माझ्या सासऱ्यांनी खिशातून टेप काढून फ्रीजरची रुंदी मोजली होती. दुकानदाराला वाटलं, यांचा आईस्क्रीमचा धंदा असावा. हर्बेरियमचा, म्हणजे वाळवलेली झाडं चिकटवून जपायचा, कागद साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरचा असतो. तो आडवा बसला आणि सौदा झाला. किती लिटरचा, वीज किती खातो, हे कोणी विचारलंच नाही.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. साताऱ्याच्या कॉलेजातून निवृत्त होऊन बराच काळ लोटला, ऐंशीही ओलांडली. नोकरीत असताना नमुने टिकवायची पद्धत वेगळी होती. मर्क्युरिक क्लोराइड अल्कोहोलमध्ये विरघळवायचं आणि त्यात झाड बुडवायचं. जालीम विष, पण प्रयोगशाळेत चालून जायचं. निवृत्तीनंतर प्रयोगशाळा माडीवरच्या खोलीत आली तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ती बाटली या उंबऱ्याच्या आत येणार नाही." मग डांबरगोळ्या आल्या. त्या वासाने माझं डोकं उठायला लागलं तेव्हा फ्रीजर आला. गंमत म्हणजे ज्या इवल्या तपकिरी किड्याचं हर्बेरियमवाल्यांना भय, तोच हळदीच्या डब्यातही होतो. त्याला वाळलेलं काहीही चालतं. त्यामुळे या एका शत्रूपुरती तरी माडी आणि स्वयंपाकघर यांची युती आहे.

घरी येणारा प्रत्येक पाहुणा अण्णांना विचारतो, "मग, वेळ कसा जातो हल्ली?" या प्रश्नाचा त्यांना मनस्वी राग आहे. ते उठून कुकचे खंड दाखवायला घेऊन जातात. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा तो ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने निघाला. अण्णांकडे १९५८चं पुनर्मुद्रण आहे, विद्यार्थी असताना शिकवणीच्या पैशांतून घेतलेलं. थिओडोर कुक हा मुळात इंजिनिअर. रेल्वेचं काम केलं, पुण्याच्या इंजिनिअरिंगच्या कॉलेजात प्राचार्य झाला आणि निवृत्त होऊन इंग्लंडला परतल्यावर या ग्रंथाला बसला. १८३६चा जन्म, म्हणजे शेवटचा भाग आला तेव्हा बहात्तर वर्षांचा. १९१०मध्ये गेला. पुण्याच्या आघारकरांचंही तसंच. कलकत्ता विद्यापीठातली कारकीर्द संपवून आले आणि १९४६मध्ये संशोधन संस्था काढली, तीच आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. "या लोकांचा वेळ कसा जात असेल?" असं अण्णा पाहुण्याला विचारतात. पाहुणा चहा संपवून निघतो.

मला मात्र या गोष्टी ऐकताना भलतंच कुतूहल असतं. कुक कागद चाळत बसला होता तेव्हा त्याच्या घरात काय चाललं होतं? आपल्याकडच्या वनस्पतिशास्त्रात माणसांच्या नावांची कमतरता नाही. शिवनेरीच्या कड्यावर उगवणारी शिंदळ माकुडी डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने बार्टल फ्रिअर या गव्हर्नराच्या नावे केली. कंदीलपुष्पाची एक जात लॉ नावाच्या सनदी अधिकाऱ्याच्या नावे आहे. गव्हर्नर आहेत, कलेक्टर आहेत, पाद्री आहेत, डॉक्टर आहेत. कागद वाळवणारं कोणी नाही.

आणि कागद वाळवणं हेच तर सगळ्यात मोठं काम. ज्याने पावसाळ्यात झाडं दाबलेली नाहीत त्याला याची कल्पना येणार नाही. सह्याद्रीच्या सड्यांवरची, म्हणजे खडकाळ पठारांवरची, निम्मीअधिक मजा ऑगस्ट-सप्टेंबरातली. त्या जांभ्या खडकावर वीतभर माती, पावसाने तिच्यातलं सत्त्व धुऊन नेलेलं. तरी तिथे गेंदाच्या गुंड्या येतात, सीतेची आसवे येतात. ही दुसरी दिसायला नाजूक, निळसर-जांभळी, पण मुळांच्या जागी बारीक फुगे लावून पाण्यातले सूक्ष्म जीव पापणी लवायच्या आत ओढून घेणारी. मातीत मिळत नाही ते ती असं मिळवते. हे सगळं फुलतं तेव्हा साताऱ्यात रुमालसुद्धा वाळत नसतो. दोरीवर तीन दिवसांचे कपडे, आणि झाडं दाबून वाळवायच्या प्रेसमध्ये ओली झाडं. कागद रोज बदलले नाहीत तर झाड काळं पडतं, बुरशी येते. म्हणून आमच्या घरची रद्दी कधी विकली गेली नाही. 'ऐक्य'चे अंक वाचून झाले की गादीखाली जायचे, तिथून प्रेसमध्ये, मग ओले होऊन स्वयंपाकघरात शेगडीजवळ, वाळले की परत प्रेसमध्ये. कागदांना इस्त्री करणं हे आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, काम. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत मी त्यांना नव्या पैठणीआधी चार दिवसांपूर्वीचा अग्रलेख इस्त्री करताना पाहिलं, तेव्हा काही बोलले नाही. माहेरी फोन करून मात्र सांगितलं.

दर रविवारी दोघं जायची. अजिंक्यतारा, यवतेश्वर, बामणोली, पुढे महाबळेश्वरापर्यंत. एसटीने, डबा घेऊन. मुलं लहान असताना तीही बरोबर. माझ्या नवऱ्याच्या बालपणीच्या सगळ्या सहलींच्या आठवणींत आई उभी आहे आणि वडील गुडघ्यावर आहेत. अण्णा खाली वाकून खुडायचे, आई वही धरायच्या. अण्णा सांगायचे ते लिहायचं: ठिकाण, उंची, खडकावर की ओढ्याकाठी, झाड केवढं. एक रकाना मात्र आई त्यांना विचारून लिहायच्या नाहीत. फुलाचा रंग.

वाळलेलं झाड शंभर वर्षांनंतरही जवळपास सगळं सांगतं. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, देठावर लव आहे का, फळ कसं फुटतं. गेंदासारख्या किचकट घराण्यात तर बीच्या सालीवरची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली बघून जात ठरवतात, तीही जुन्या नमुन्यावरून दिसते. रंग तेवढा राहत नाही. निळं तपकिरी होतं, पांढरं पिवळट होतं, तेरड्याच्या पाकळीचा तर पातळ डाग उरतो. म्हणून तो जागच्या जागी, कोणीतरी डोळ्यांनी बघून लिहिलेलाच खरा.

आईंचे वडील कराडला कापडाच्या पेढीवर नोकरीला होते. त्यामुळे रंगाच्या बाबतीत त्या कोणाचं ऐकत नाहीत. अण्णांचे वहीतले शब्द चार: पांढरा, पिवळा, लाल, जांभळा. आईंच्या हातचा रकाना वाचावा. 'आमसुली, कडेला फिकट.' 'श्रीखंडी.' 'चिंतामणी, आतून पांढरा ठिपका.' 'गुलबक्षी म्हणता येणार नाही, त्याहून मळका.' अण्णा रात्री ते इंग्रजीत आणून लेबलवर टाइप करायचे, आणि बसत नसेल तिथे कंसात मराठी शब्द तसाच ठेवायचे. पूर्वी एका मोठ्या संस्थेतल्या साहेबाने ते वाचून नाक मुरडलं होतं म्हणे. अण्णांनी शब्द काढला नाही. याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

लेबलवर खाली संग्राहकाचं नाव आणि त्याचा क्रमांक असतो. ते नाव अर्थातच एकट्या अण्णांचं.

गुडघे गेले तसा अण्णांचा परीघ आवळत आला. आधी महाबळेश्वर सुटलं, मग बामणोली. कासला तर त्यांनी आपणहून जाणं सोडलं. २०१२मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात कासही आलं, आणि गाड्यांची रांग लागायला लागली. त्यांची तक्रार गर्दीबद्दल नाही. "लोक येतात आणि उभ्यानेच परत जातात, कोणी खाली बसत नाही," एवढंच म्हणतात. आता त्यांचं क्षेत्र म्हणजे मागचं अंगण, न्हाणीघराची भिंत आणि गल्लीच्या टोकापर्यंतचं गटार. मला आधी याचं वाईट वाटायचं. हल्ली वाटत नाही, कारण त्या भिंतीवर काय काय चालतं ते बघितलंय.

न्हाणीघराचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथे शेवाळासारखी दिसणारी एक बारक्या पानांची हिरवळ आहे. पायलिया मायक्रोफिला. मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची, आता जगभरच्या ओल्या भिंतींवर नांदणारी. अण्णांनी माझ्या धाकटीला तिथे स्टुलावर बसवलं, हातात दहा पट मोठं दाखवणारं भिंग दिलं आणि कोवळ्या उन्हात त्यावर पाण्याचे शिंतोडे मारले. मोहरीहून लहान कळ्या तटातट फुटायला लागल्या आणि प्रत्येकीतून परागाचा धुरळा उडाला, एवढासा, तोफेच्या बारासारखा. पोर किंचाळली. मग मला बोलावलं, मग शेजारच्या काकूंना. त्या दिवशी आंघोळीला सगळ्यांना उशीर झाला. अण्णांनी वहीत वेळ, ऊन आणि आदल्या दिवशीचा पाऊस लिहून ठेवला.

वहीपेक्षाही मला कॅलेंडरं आवडतात. स्वयंपाकघरातलं कालनिर्णय हे गेली कित्येक वर्षं दोन हस्ताक्षरांत चालतं. आईंच्या निळ्या शाईत 'गॅस लागला', 'दूध अर्धा जास्त', 'बाई आली नाही'. अण्णांच्या पेन्सिलीत त्याच चौकोनाच्या कोपऱ्यात 'बहावा, पहिला घोस', 'शेवगा फुलला', 'पिंपळ, तांबडी पालवी'. वर्ष संपलं की कॅलेंडर गुंडाळून माळ्यावर. निवृत्त माणसाचा चाळा म्हणून आम्ही त्याकडे पाहिलं, आणि परवा पुण्याहून एक संशोधक मुलगी ते सगळं मागायला आली. एकाच ठिकाणची, एकाच माणसाने केलेली, वर्षानुवर्षांची फुलण्याची नोंद कुठे मिळत नाही म्हणाली. बहावा पूर्वीपेक्षा आधी फुलतो का, हे तिला बघायचंय. ती फोटो काढत होती तेव्हा आई शेजारी उभ्या राहून प्रत्येक पान उलटण्याआधी नजर टाकत होत्या. एका मे महिन्यावर त्यांनी हात ठेवला. "हा नको. यात उसने दिलेले लिहिलेत, ते लोक अजून गावात आहेत." मुलीने मुकाट्याने जून घेतला.

माझी नणंद न्यू जर्सीला असते. वडिलांशी बोलण्याचा तिचा मार्ग म्हणजे झाडांचे फोटो पाठवणं. तब्येतीची चौकशी केली की अण्णा दोन शब्दांत उत्तर देतात, फोटोवर मात्र व्हॉइस मेसेज येतो, तोही ओरडून. "नुसतं फूल काय पाठवतेस? पान कुठंय? मागून फोटो काढ!" गेल्या सप्टेंबरात तिने ओढ्याकाठचं एक नारिंगी, ठिपक्यांचं फूल पाठवलं. अण्णांनी मागची वाकडी सोंड बघितली आणि म्हणाले, शेंग चिमटीत धर. तिने धरली, ती फटकन फुटून उकलली आणि बिया उडाल्या. तेरडाच. तिकडचा, इंपेशन्स कॅपेन्सिस. ते गौरीचे दिवस होते. इकडे आम्ही बाजारातून आणलेल्या तेरड्याच्या रोपांची गौर बसवत होतो. नणंदेने त्या संध्याकाळी ओढ्यावरून एक डहाळी घरी नेली आणि तिचीही गौर बसली. अण्णांना देवधर्माचं फारसं नाही, पण त्यांनी तो फोटो घरी येईल त्याला दाखवला. "कुळ बरोबर आहे," असं म्हणून.

कुळांवरून आठवलं. म्हातारपणी माणसाला आपल्या ओळखीची माणसं गेल्याचं दुःख असतं, अण्णांना ओळखीची नावं गेल्याचंही आहे. रुईचं वेगळं कुळ होतं, ते मोडीत निघालं, रुई आता कण्हेरीच्या घरात नांदते. हे त्यांना पटलं, कारण पुरावा आहे. बाभळीचं मात्र पटत नाही. अकेशिया हे नाव मुळात हिच्याच घराण्याचं, पण तो प्रचंड गट फोडायची वेळ आली तेव्हा नाव कोणाकडे राहावं यावर भांडण झालं. २००५मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत ते ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे गेलं, २०११मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झालं. आपली बाभूळ झाली व्हॅचेलिया, खैर झाला सेनेगालिया. अण्णा हे सांगतात तेव्हा एखाद्या घरातला वाटणीचा दावा हरल्यासारखे सांगतात. तरी जुन्या शीटवर नवं नाव लिहिलेली चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हाताने डकवली आहे. जुनं नाव खोडायचं नसतं, चिठ्ठी शेजारी लावायची असते. त्या विद्येतली ही रीत मला फार सभ्य वाटते.

मोतीबिंदूची गोष्ट या सगळ्यानंतरची. ऑपरेशन लांबवता लांबवता शेवटी एका डोळ्याचं झालं. पट्टी निघाली त्या दुपारी अण्णा माडीवर कोऱ्या हर्बेरियम शीटसमोर बसले होते. एकदा डावा डोळा झाकायचे, एकदा उजवा. मी चहा घेऊन गेले. "बघ," म्हणाले, जसं काही मला दिसणारच होतं. "या डोळ्याने कागद पांढरा, निळसर पांढरा. या डोळ्याने जुन्या धोतरासारखा." मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, निळा उजेड अडतो, आणि हे इतकं हळूहळू होतं की कळतच नाही. अण्णांना हे पुस्तकातून माहीत होतं. स्वतःचं झालं तेव्हा कळलं नाही.

मग त्यांनी कपाटं उघडली. आईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या सुमारास एक काळ असा होता की अण्णा एकटेच अंगणात, गल्लीत फिरून नमुने घ्यायचे आणि सगळे रकाने स्वतः भरायचे. ती लेबलं काढली. पांढऱ्या फुलांपुढे 'पिवळट पांढरी' लिहिलेलं. निळ्यापुढे 'राखी'. एकदा तर गोकर्णीला 'करडी'. त्याच्या आधीची आणि नंतरची, आईंच्या रकान्याची लेबलं शेजारी ठेवली. दिवसभर ते काम चाललं. आई खाली मालिका बघत होत्या.

संध्याकाळी ते खाली आले आणि म्हणाले, "अगं, इतकी वर्षं रंग तूच बघितलेस." आई म्हणाल्या, "मग कोण बघणार होतं?" विषय संपला असं मला वाटलं. पण त्यानंतरच्या प्रत्येक लेबलवर संग्राहक म्हणून दोन नावं आहेत. चुकलेल्या जुन्या शीट्सवर दुरुस्तीच्या चिठ्ठ्या आहेत. माझा नवरा म्हणाला, किती छान ना. मला छान वाटलं तसा रागही आला. आयुष्य गेलं त्या कागदांना इस्त्री करण्यात, आणि नाव लागलं ते डोळ्याच्या डॉक्टरमुळे. आईंना मी हे बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "नावाचं काय लोणचं घालायचंय? त्यापेक्षा तेव्हा एक दुसरी इस्त्री घेतली असती तर बरं झालं असतं." थोड्या वेळाने मात्र चष्मा लावून माडीवर गेल्या आणि आपल्या नावाचं स्पेलिंग बरोबर आहे का ते बघून आल्या. एक 'ए' जास्त पडला होता. अण्णांना तो गठ्ठा पुन्हा टाइप करावा लागला.

सध्या केन्यावरून वाद चालू आहे. हा अंगणात कुठेही माजतो, आई त्याची भाजी करतात. अण्णांना नातीला त्याची जमिनीखालची फुलं दाखवायची होती. वरची निळी फुलं सगळ्यांना दिसतात, पण हे झाड मातीत पांढुरक्या फांद्यांवर बंद फुलं धरतं, ती कधी उघडत नाहीत, आतल्या आतच बी धरतात. वर माशी आली नाही, कोणी उपटलं, गुरांनी खाल्लं, तरी खाली सोय केलेली. खुरप्याने खणून ती फुलं काढली, धाकटीने बोटावर घेऊन बघितली. झाड प्रेसमध्ये गेलं. आणि अण्णांनी रकान्यात लिहिलं, 'निळी'.

"कधी बघितलीत?" आईंनी विचारलं.

"आत्ता."

"बारा वाजलेत. केन्याचं फूल दुपारपर्यंत विरघळतं, हे तुम्हीच पोरांना शिकवत होतात. सकाळी सातला बघायचं."

"मग काय लिहू?"

"उद्या उठा लवकर, मग सांगते. आणि पेनने लिहा. त्या पेन्सिलीचं मला वाचता येत नाही."

"पेन्सिल पावसात पसरत नाही."

"अंगणात कसला पाऊस? पागोळीखाली उभं राहून लिहिणार आहात का?"

अण्णा म्हणाले, शास्त्रात पेन्सिलच वापरतात. आई म्हणाल्या, शास्त्राला चष्मा लागलेला नाही.